राईतले पाळणे

रवळू १९४७ च्या पावसाळ्यात गेला. त्याच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात होतं. पण लिहायला बसलं की त्या एका दुपारपाशी येऊन हात थांबायचा. अजूनही थांबतो. तरी आता लिहितेच.

त्याची माझी ओळख १९३२ च्या डिसेंबरात झाली. त्या वेळी मी बेळगावच्या कॅम्पात मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. मोठ्या वर्गातल्या मुलींना दर हिवाळ्यात दोन दिवस रानात पायी फिरवून आणायचं, असा आमचा उपक्रम होता. खानापुरापर्यंत रेल्वे, तिथून जांबोटीच्या पुढे बैलगाडी आणि मग चालत. वाट दाखवायला माहितगार माणूस हवा होता. खानापूर स्टेशनावरच्या एका कारकुनाने रवळूचं नाव सुचवलं. "बोलतो फार, पण जितकी माणसं नेतो तितकी परत आणतो," असं तो म्हणाला.

जांबोटीच्या पलीकडे दाट रानात त्याची वाडी होती, पंधरा-सोळा घरांची. थोडं भात, थोडी नाचणी, चार गुरं. पंधराव्या वर्षापासून तो घाटातून खाली गोव्याकडे डोक्यावरून ओझी नेत असे. जाताना मिरची आणि गूळ, येताना मीठ आणि नारळ. मी पाहिला तेव्हा तिशीचा असेल. बुटका, रुंद पायांचा, डाव्या कानात भिकबाळी, आणि पाठीवर कायमचं एक गठळं.

त्या गठळ्याची मुली फार चेष्टा करत. दोन घोंगडी, त्यांच्या आत मेणकापडात गुंडाळलेलं कोरडं धोतर, एक लांब दोर, भाजलेल्या नाचणीचं पीठ, गुळाचा खडा, मीठ, चामड्याच्या चंचीत चकमक आणि सावरीचा कापूस, आग लवकर धरावी म्हणून राळेचे तुकडे, एक कंदील आणि वरून खोचलेला कोयता. दुपारच्या फिरण्याला निघालो तरी हे सगळं बरोबर असायचंच.

"रवळूअण्णा, यात यशोदावहिनी पण असतील," एकदा कुणीतरी म्हणालं. यशोदाबाई म्हणजे त्याची बायको.

"ती मावत न्हाय गं," रवळू म्हणाला. "आन् मावली तर मला वढवायची न्हाय. तिचं बोलणंच दोन मण हाय."

त्याचे नियम मात्र त्याने कधी चेष्टेवारी नेले नाहीत. घाम येईपर्यंत चालायचं नाही. अंग तापलं की वरचं पांघरूण काढायचं, थांबलो की लगेच घ्यायचं. भूक लागण्याआधी खायचं. कितीही गारठा असला तरी कोरडं कापड चालताना अंगावर घ्यायचं नाही, ते मुक्कामासाठी. वळण आलं की मागे बघून माणसं मोजायची. तो म्हणे, "थंडीनं मानूस मरत न्हाय बाई. वल्या थंडीनं मरतंय." त्याचा बाप घाटात असाच गेला होता. अवकाळी पावसात भिजला आणि घरापासून कोसभरावर संपला. रवळू तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि बरोबर होता. तेव्हापासून हे गठळं.

वाडीच्या वरच्या अंगाला, कोस-दीड कोस चढून गेलं की देवराई होती. त्या लोकांची राई. आत एक ओढा, ओढ्याच्या अलीकडे कौलारू छपराचं लहानसं देऊळ, देवळात आईची काळी शिळा. पूजा रवळूच्या घराण्याकडे होती. दर सोमवारी तो दिवा लावून यायचा. राईतलं वाळकं पानसुद्धा कुणी बाहेर नेत नसे, आणि आत चामडं व लोखंड न्यायचं नाही हा कडक दंडक होता. पण कड्याकडे जाणारी वाट राईतूनच होती. त्यावर त्यांनी पिढ्यानपिढ्या एक तोड काढलेली होती. राईच्या तोंडाशी सगळ्यांनी वहाणा, पट्टे, कोयते, विळे काढून एका टोपलीत टाकायचे, आणि ती टोपली घेऊन एका माणसाने बाहेरच्या लांबच्या वाटेने वळसा घालून पलीकडच्या तोंडाशी यायचं. माणसं अनवाणी आतून, लोखंड बाहेरून. आमच्या फेरीत हे काम रवळूचा चुलतभाऊ नागोजी करायचा.

चार वर्षं आम्ही असे गेलो-आलो. कधी काही झालं नाही.

शनिवार, १२ डिसेंबर १९३६. मी आणि पाच मुली. त्यांत सरोजिनी नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. वडील बेळगावात वकील, घर खाऊनपिऊन सुखी, पण ही अंगाने अगदी काडी. सकाळी वाडीतून निघालो तेव्हाच आभाळ भरून आलं होतं. डिसेंबरात असं आभाळ सहसा नसतं. रवळूने नाक वर करून वास घेतला.

"समुद्रावरनं आलंय," तो म्हणाला. "कड्यावर जास्त येळ बसाया न्हाय मिळायचं."

कड्यावर त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येकीला विचारलं, "खाल्लंस का?" सगळ्यांनी हो म्हटलं. सरोजिनीनेही म्हटलं. मी पाहत होते, तिच्या हातात भाकरी होती. ती तिने नंतर शेजारच्या मुलीला दिली, हे मला दिसलं नाही.

परतताना पाऊस लागला. पाऊस म्हणजे धारा नव्हेत, बारीक, गार, वाऱ्याबरोबर आडवा येणारा. त्याच्यामागोमाग धुकं आलं. राईच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. नागोजीने टोपली पुढे केली. बूट, माझी चामडी पिशवी, मुलींचे पट्टे त्यात गेले. रवळूने पाठीवरचं गठळं उतरवलं आणि त्याची गाठ सोडायला लागला. कोयता, चंची, कंदील नागोजीकडे द्यायचे आणि घोंगडी, धोतर, गूळ बरोबर ठेवायचा, हा त्याचा नेहमीचा क्रम. पण दोर भिजून फुगला होता, गाठ सुटेना. मुली कुडकुडत उभ्या होत्या.

मी म्हणाले, "रवळूअण्णा, राहू द्या ना. सगळंच नागोजींकडे द्या. पाव तासाची तर वाट आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात गाठीवरच होता.

"बाई, थांबा वाईच."

"मुली गारठताहेत. उगाच उशीर होतोय."

शाळेतल्या बाई म्हणून तो मला मानायचा. चार वर्षांत मी सांगितलेलं त्याने कधी मोडलं नव्हतं. त्याने गठळं तसंच नागोजीच्या खांद्यावर दिलं. मी हे इतकं बारकाईने लिहिते आहे, कारण पुढचं सगळं या चार शब्दांमुळे झालं, आणि ते शब्द माझे होते.

राईत शिरलो. धुक्यात समोरच्या मुलीची पाठ तेवढी दिसत होती. ओढ्यावर पाय ठेवायला दगड टाकलेले होते. चौघी पार झाल्या. सरोजिनी मधल्या दगडावर घसरली आणि शेजारच्या डोहात गळ्यापर्यंत गेली. रवळूने तिला क्षणात बाहेर ओढलं. लागलं काही नव्हतं. ती हसलीसुद्धा. "बाई, माझी आंघोळ झाली," म्हणाली. दात वाजत होते.

देवळात पोचलो. तीन बाजूंना भिंती, पुढे उघडं. रवळू म्हणाला, "हितंच थांबा. मी पल्याड जाऊन नागोजीला आन् गठळ्याला घेऊन येतो." तो पळत गेला. धुक्यातून त्याच्या हाका ऐकू येत होत्या. "नागोजी, ए नागोजी." उत्तर ऐकू येत नव्हतं. नागोजी बाहेरच्या वाटेवर ओहोळाला पाणी आलं म्हणून एका खडकाखाली अडकून पडला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

इकडे मी सरोजिनीला जवळ घेऊन बसले होते. तिच्या अंगाला आतून धक्के बसावेत तशी ती कापत होती. तेव्हा तिची मैत्रीण वसुधा हळूच म्हणाली, "बाई, तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही. तिचा शनिवार आहे. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

तोवर कापणं कमी होत गेलं. मग थांबलं. मला हायसं वाटलं. सरोजिनी म्हणाली, "बाई, मला उकडतंय," आणि गळ्याशी हात नेऊन झंपराची बटणं काढायला लागली. तिचे शब्द जड येत होते, तोंडात काही धरून बोलावं तसे.

रवळू एकटाच परत आला. मी म्हणाले, "कापायची थांबली. आता बरं वाटतंय तिला. उकडतंय म्हणते."

त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो तिच्यापाशी बसला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बरं न्हाय बाई ते. माझा बा बी उकडतंय म्हनला हुता."

शिकलेली बाई मी. पुस्तकं वाचलेली. आणि मरायला लागलेल्या मुलीला बरं वाटतंय असं समजून मी निर्धास्त झाले होते.

"हिची वली कापडं काढा," तो म्हणाला. "समदी. दोघी जणी दोन्ही अंगांनी चिकटून बसा. निजू द्यायचं न्हाय." तो पाठ फिरवून बाहेर गेला आणि राईतला पडलेला लाकूडफाटा गोळा करून घेऊन आला. राईतलं पानही न उचलणाऱ्या माणसाने हे केलं, तेवढ्यानेच आम्ही चमकलो. दिव्याच्या कोनाड्यात तेलाची बाटली आणि तेलकट फडक्यात बांधलेली काड्यापेटी होती. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी लागली. पण ती लाकडं दिवसभर पाणी प्यायलेली. तेल तेवढं जळलं, लाकडं फुसफुसत राहिली आणि धूर झाला.

रवळू उठून उभा राहिला आणि वर बघू लागला.

मीही वर पाहिलं. छपराच्या आडव्या तुळईला पाळणे टांगलेले होते. लाकडाचे, हातभर लांबीचे, लाल-हिरवे रंगवलेले, धुराने काळवंडलेले. ज्या बाईचं मूल जगत नसे ती आईला नवस बोले, आणि मूल वर्षाचं झालं की असा पाळणा आणून स्वतःच्या हाताने तिथे बांधे. पाळणा तुळईला आहे तोवर पोराला आईची राखण आहे, अशी त्या सगळ्यांची श्रद्धा. एखाद्या पाळण्याची दोरी कुजली तरी त्या घरात दोन दिवस चूल नीट पेटत नसे. त्या पाळण्यांकडे लक्ष ठेवणं हे पुजाऱ्याचं, म्हणजे रवळूचं काम होतं.

तो काय बघतो आहे हे माझ्या ध्यानात आलं. नको म्हणायला हवं होतं की हो म्हणायला हवं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याने हात जोडले नाहीत. डावीकडचा पाळणा काढला, गुडघ्यावर ठेवून मोडला.

"हा आमच्या शालूचा," तो म्हणाला आणि आगीत घातला.

शालू म्हणजे त्याची चार वर्षांची मुलगी. तिच्याआधीची तीन गेली होती. त्या पोरीने आदल्या दिवशी संध्याकाळी सरोजिनीच्या मांडीवर बसून तिच्या वेणीची रिबीन सोडली होती.

वर्षानुवर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड. एकदम धडाडून पेटलं. त्याच्या उजेडात मुलींचे चेहरे मला दिसले. कुणी रडत नव्हतं. सगळ्या नुसत्या बघत होत्या. रवळू एकेक पाळणा काढत होता, मोडत होता, आणि प्रत्येक पाळण्याबरोबर नाव घेत होता. हा आण्णाप्पाच्या गंगूचा. हा भरमाच्या धाकट्याचा. हा मालुबाईच्या शामूचा. लहान लाकडं, एकेक चार-पाच मिनिटांत संपायचं. चौदा होते. नऊ जळले.

मध्येच तो गाभाऱ्यात गेला. आमच्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे, आणि मागे हात करून त्याने मला एक हिरवं लुगडं दिलं. कोरडं. आईच्या अंगावरचं.

"गुंडाळा हिला," एवढंच म्हणाला. शिळेकडे त्याने वळून पाहिलं नाही.

तेलाच्या वाटीत पाणी तापवून आम्ही पूजेच्या पळीने तिला पाजत होतो. गूळ नव्हता. गूळ गठळ्यात होता.

पाच वाजायच्या सुमारास सरोजिनी पुन्हा कापायला लागली. रवळूने ते पाहिलं आणि खाली बसला. "कापतीया," तो म्हणाला. "आता हाय ती."

तेवढ्यात राईच्या पलीकडच्या तोंडाकडून नागोजीची हाक आली. त्याला धूर दिसला होता. रवळूने ओरडून सांगितलं, "आत ये. गठळं घेऊन ये."

"लोखंड हाय माझ्यापाशी."

"आता काय र्‍हायलंय रं? ये."

तरी नागोजीने कोयता, कंदील, टोपली सगळं बाहेर ठेवलं, आणि नुसती घोंगडी, धोतर आणि गूळ घेऊन आला. देवळात पाऊल टाकल्यावर त्याने आधी आग बघितली. मग तुळई बघितली. मग पुन्हा आग.

"माझ्या पोराचा कुठं हाय?" त्याने विचारलं.

"गेला," रवळू म्हणाला. "पाचवा."

नागोजी मटकन खाली बसला. मग त्याने हातातली घोंगडी माझ्याकडे सरकवली, आणि गुळाचा खडा फोडून पाण्यात टाकला. भावाकडे मात्र त्याने बघितलं नाही. घोंगड्याची झोळी करून त्या दोघांनी सरोजिनीला वाडीपर्यंत आणलं. पुढे रवळू, मागे नागोजी.

यशोदाबाईंनी सगळ्यांसाठी पेज करून ठेवली होती. त्या सरोजिनीला चुलीपाशी बसवून वाटीने पाजत असतानाच रवळूने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. त्यांचा हात थांबला. वाटी सरोजिनीच्या ओठाशी तशीच.

"पयला कुनाचा घातलासा?" त्यांनी विचारलं.

"आपला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उरलेली पेज पाजली. मग उठून, झोपलेल्या शालूला उचलून आतल्या खोलीत गेल्या. मला दिसलं की त्या तिचं अंग तापलं आहे का ते पुन्हा पुन्हा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जे झालं त्याने मी आदल्या दिवसापेक्षा जास्त हादरले.

माझी अशी समजूत होती की रवळू काहीतरी कारण सांगेल. दिव्याची वात पडली, आग लागली, पाळणे जळाले. कुणाला खरं कळणार होतं? नागोजी भाऊच होता, गप्प बसला असता. आम्हीही बसलो असतो. मी तसं त्याला सुचवलंदेखील. तो अंगणात तोंड धूत होता.

"बाई," तो म्हणाला, "त्या आया रोज आपल्या पोराकडं बघून म्हनत असत्यात, पाळणा हाय. त्यो न्हाय, हे त्यास्नी ठावं नको व्हय?"

आणि तो घरोघर गेला. मी अंगणातून बघत होते. प्रत्येक दारात उभा राहून तो मोजकं बोलत होता. तुमचा पाळणा मी मोडला. अमकी वेळ होती. आईला दोष न्हाय, शहरातल्या पोरीला दोष न्हाय. मीच केलं. भरमाने त्याला शिव्या घातल्या. आण्णाप्पाची म्हातारी छाती बडवून खाली बसली. चार मुलं जन्मताच गेल्यावर मालुबाईला शामू झाला होता. तिने अंगणात खेळणाऱ्या शामूला उचललं, आत गेली आणि कडी लावली. ती रवळूच्या घराशी पुढे तो जाईपर्यंत बोलली नाही. बोलली नाहीच.

सरोजिनी आमच्याबरोबर बेळगावला परतली. आठवड्याभरात हिंडूफिरू लागली. सोमवारी वाडीची बैठक झाली आणि पूजा रवळूच्या घराकडून काढून नागोजीकडे दिली, असं मला कळलं. रवळूने राईत पाऊल टाकायचं नाही, हेही ठरलं.

माझ्याच्याने राहवेना. मी कॅम्पातल्या एका सुताराकडून नऊ पाळणे करून घेतले, चांगले फणसाच्या लाकडाचे, आणि जानेवारीत घेऊन गेले. रवळूने एक हातात घेऊन फिरवून पाहिला. "काम झ्याक केलंय," म्हणाला. मग हसला. फार दमलेलं हसू होतं ते. "पर बाई, पाळणा असा आनून बांधत न्हाईत. आदी पोर हुयाला लागतंय."

यशोदाबाईंनी ते पाळणे माळ्यावर टाकले. मला म्हणाल्या, "बाई, एक सांगते. पयला आपला घातला न्हवता असं कळलं असतं, तर मी शालूला घेऊन माहेरला गेली असती. मग काय बी होऊ दे."

त्यानंतरची काही वर्षं रवळूने कशी काढली असतील याचा मी अजून विचार करते. त्या आठ घरांतलं कुणाचंही मूल खोकलं, कुणाला ताप आला, कुणी झाडावरून पडलं, की माणसं त्याच्या दाराकडे बघायची. तोही बघायचा. शामूला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस रवळू मालुबाईच्या अंगणाबाहेर फणसाखाली बसून होता. आत कुणी बोलावलं नाही, जा म्हणूनही कुणी सांगितलं नाही. बेळगावहून मी औषध पाठवलं ते त्याने दारात ठेवलं आणि पुन्हा फणसाखाली जाऊन बसला. शामू वाचला. मालुबाईने औषधाची बाटली धुऊन दारात ठेवली. तेवढंच. ती नऊही मुलं पुढे मोठी झाली. शालू लग्न होऊन नंदगडला गेली.

आमच्या हिवाळी फेऱ्या युद्धाच्या वर्षांत बंद पडेपर्यंत चालू राहिल्या. रवळूच न्यायचा. गठळं तेच, नियम तेच. फक्त एक भर पडली होती. कड्यावर तो प्रत्येकीचा घास तोंडात जाताना स्वतः बघायचा. "जीभ दाव," म्हणायचा. मुली हसायच्या. मी हसू शकत नसे.

शेवटची भेट १९४७ च्या जानेवारीत. मी आणि माझे यजमान उपेंद्र नंदगडला एका लग्नाला गेलो होतो, तिथून मी एक दिवस मुद्दाम वाडीवर गेले. रवळू पंचेचाळीसचा असेल, साठीचा दिसत होता. छातीत कफ भरलेला. संध्याकाळचं ऊन अंगणात होतं. यशोदाबाई भात कांडत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सरोजिनीला दोन मुलं झाल्याचं मी सांगितलं. त्याने ते ऐकून मान हलवली आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"ती पोर खरंच गेली असती का वं?"

दहा वर्षांत त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मी मात्र तो एकाला विचारला होता. कॅम्पात एक वृद्ध मिलिटरी डॉक्टर राहत, उत्तरेकडच्या बर्फात बरीच वर्षं काढलेले. त्यांना मी सगळा प्रसंग तपशिलात सांगितला होता, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आता रवळू माझ्या तोंडाकडे बघत होता. खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं. पण या माणसाने दारोदार उभं राहून खरं सांगितलेलं मी पाहिलं होतं.

मी म्हणाले, "मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, कदाचित गेली असती. उपाशी होती, भिजली होती, उकडतंय म्हणत होती, ही लक्षणं वाईटच. पण कदाचित कोरडं लुगडं आणि दोन मुलींची ऊब एवढ्यावरही ती तगली असती. नागोजी तासाभरात घोंगडी घेऊन पोचलेच होते. नक्की सांगता येत नाही म्हणाले."

यशोदाबाईंचं मुसळ थांबलं होतं. त्याही ऐकत होत्या.

"म्हंजे," रवळू सावकाश म्हणाला, "थांबलो असतो तर चाललं बी असतं."

"कदाचित."

"कदाचित," त्याने तो शब्द पुन्हा उच्चारला. आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यासमोर मोडून पडणार. गठळं मी सोडू दिलं नव्हतं. त्याने मला त्याबद्दल एकदाही बोल लावला नव्हता, आणि आज मी त्याच्या पदरात हे घातलं होतं.

रवळूने यशोदाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बरं झालं तवा तुमचा डाक्टर तितं न्हवता," तो म्हणाला. "त्यो असं म्हनला असता, तर मी थांबलो असतो."

आणि गुरं आत घ्यायची वेळ झाली म्हणून उठला.